नवीन आऊटबोर्ड होडी हाताला बसेपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी पावसाळी मासेमारीबंदी उठायच्या आसपास नवीन होडी घेतलेल्यांचे तेच तेच प्रश्न येतात, फोनवर, जेटीवर, कुणाच्या साखरपुड्यात जेवताना पण. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलं. इथे होडी म्हणजे १८ ते २४ फुटी फायबर, मागच्या फळीवर बाहेरून लावलेलं हँडलवालं आऊटबोर्ड इंजिन, ९.९ पासून ४० हॉर्सपॉवरपर्यंत. काम म्हणजे किनाऱ्यालगत जाळी टाकणं नाहीतर गरवणं (गळाने मासे पकडणं), आणि किनारा म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्ग. ट्रॉलरवाल्यांनी आणि डिझेल इनबोर्डवाल्यांनी यातलं समुद्राचं तेवढं घ्यावं, मशीनचं सोडून द्यावं. आमच्याकडे इंजिनाला मशीनच म्हणतात, खाली पण तसंच लिहिलंय.

१. होडी आली, पूजा झाली, आता पहिल्याच दिवशी जाळी घेऊन जाऊ का?

नका जाऊ. हप्ता सुरू झालेला असतो, घरातले विचारत असतात, सगळं मान्य, तरी पहिले काही दिवस जाळी मांगरातच राहू द्या. आधी खाडीत, शांत पाण्यात, रिकामी होडी. मग दोन माणसं घेऊन. मग पाण्याचे कॅन नाहीतर वाळूची पोती टाकून, जेवढं जाळं, बर्फ आणि मासळी धरून वजन होणार तेवढं भरून. रिकामी होडी आणि भरलेली होडी या दोन वेगळ्या होड्या आहेत, आणि लोक शिकतात रिकामीवर आणि अडकतात भरलेलीवर. वळायला किती जागा लागते, थ्रॉटल सोडल्यावर किती लांब जाऊन थांबते, नाळ (होडीचं पुढचं टोक) किती वर उचलते, हे दोन्ही होड्यांचं वेगवेगळं बघून ठेवा. आणि पूजेचा हार नाळेवर बांधा, मशीनच्या पायाला (पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाला) गुंडाळू नका, तो सुटून पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जातो नाहीतर फुलं पाणी घ्यायच्या जाळीवर चिकटून बसतात आणि नवं कोरं मशीन पहिल्याच दिवशी तापतं.

२. रोज निघायच्या आधी नेमकं काय काय बघायचं?

सगळ्यात आधी बूच. हसू नका, फायबर होडीचं मागचं बूच न लावता पाण्यात ढकललेल्या होड्या दर मोसमात दिसतात. मग मशीनचे दोन्ही क्लॅम्प हाताने पिळून बघायचे, नव्या होडीत फळी दबते आणि पहिल्या काही दिवसांत ते हमखास ढिले होतात. मशीनला एक जाड दोरी लावून ती होडीला बांधलेली हवीच, क्लॅम्प सुटला तर मशीन तळाला जाऊ नये म्हणून.

मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा, नळीतला रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबायचा, गिअर न्यूट्रलला आहे बघायचं, लाल दोरी मनगटाला लावायची (माणूस पडला की तिची क्लिप सुटून मशीन बंद होतं, तिच्याबद्दल प्रश्न ७ मध्ये आहे), चोक ओढायचा आणि मग दोर खेचायचा. सुरू झालं की लगेच गिअर टाकू नका, मागे वाका आणि मशीनच्या बाजूच्या भोकातून पाण्याची धार येते का बघा. धार बारीक पण सरळ, जोरात आली पाहिजे. बोट लावून बघा, सुरुवातीला थंड लागेल, थोड्या वेळाने कोमट. धार येत नसेल तर मिनिटभर पण मशीन चालवायचं नाही, बंद करून आधी प्लास्टिकची पिशवी, वाळू, शेवाळ काय अडकलंय ते बघा, तारेचा बारीक तुकडा त्या भोकात घालून साफ करा. तरी नाही आली तर आतला पाणी खेचणारा रबरी इम्पेलर गेला असणार, तो मेकॅनिककडे.

३. रनिंग-इन खरंच गरजेचं आहे का? मेकॅनिक म्हणाला बिनधास्त पळव.

गरजेचं आहे. पहिले दहा तास आतले भाग एकमेकांना बसत असतात. साधारण पद्धत अशी की पहिला तास अर्ध्या थ्रॉटलच्या आत, दुसरा तास पाऊण थ्रॉटलपर्यंत, मग पुढचे आठ तास कसंही चालवा पण सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त फुल थ्रॉटल नको. एकाच स्पीडला तासन्‌तास पण नको, कमी-जास्त करत राहा. तुमच्या मशीनच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर पुस्तक खरं.

मग पहिल्या वीस तासांनी फोर स्ट्रोकचं इंजिन ऑइल बदला, आणि खालच्या पायातलं गिअर ऑइल टू स्ट्रोक असो की फोर स्ट्रोक, बदलाच (पुस्तकात दहा तास असेल तर दहा). गिअर ऑइल काढल्यावर ते दुधाळ दिसलं तर सील मधून पाणी जातंय, नव्या मशीनला हे झालं तर वॉरंटीत दाखवा, स्वतः उघडत बसू नका. तास मोजायला वहीत तारीख आणि वेळ लिहिली तरी पुरतं. वॉरंटीच्या वेळी हीच वही कामाला येते.

४. टू स्ट्रोकला ऑइल किती टाकायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कारण प्रत्येकाचं मशीन वेगळं. बऱ्याच टू स्ट्रोकला रनिंग-इनमध्ये २५ ला १, म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिली, आणि नंतर ५० ला १, म्हणजे २० मिली. पण हे पुस्तकात बघूनच. ऑइल टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं मरीन ऑइलच, बाइकचं टू-टी नाही. बाइकचं मशीन हवेने थंड होतं, आऊटबोर्ड पाण्याने, दोघांची ऑइलं पण त्याच हिशोबाने बनतात. जास्त ऑइल टाकलं की मशीन जास्त जगेल असं पण नाही, प्लग काळे पडतात आणि भर समुद्रात मशीन सुरू होत नाही. टाकी भरताना आधी थोडं पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल.

५. हल्लीच्या पेट्रोलने मशीन खराब होतं म्हणतात, खरं आहे का?

अर्धं खरं. पंपावर आता मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेतं, हवेतला ओलावा पण. रस्त्यावरच्या गाडीला एवढा त्रास नाही कारण टाकी बंद असते आणि पेट्रोल आठवड्यात संपतं. होडीची टाकी मात्र खाऱ्या हवेत, हवेचा स्क्रू उघडा, कधी कधी झाकणातून उडालेलं पाणी. पाणी एका मर्यादेच्या वर गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला वेगळा थर धरतात, आणि मशीनची नळी पेट्रोल ओढते ती तळातूनच. टू स्ट्रोकला हे दुप्पट वाईट, कारण ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहतं आणि तळाच्या थरात ऑइल जवळजवळ नसतं, म्हणजे मशीन काही वेळ बिनऑइलचं चालतं.

उपाय काही फार अवघड नाहीत. लागेल तेवढंच पेट्रोल आणा, टाकीत जुनं साठवू नका, नळीला पाणी वेगळं करणारं फिल्टर लावून घ्या, आणि शंका आली तर टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. खाली वेगळी रेघ दिसली तर ते सगळं पेट्रोल गेलं समजा. त्यात कुठलंही औषध टाकून ते परत पहिल्यासारखं होत नाही, दुकानदार काहीही सांगो. बंदीच्या काळात टाकी कशी ठेवायची ते प्रश्न १८ मध्ये.

६. हँडल उजवीकडे केलं की होडी डावीकडे जाते, सवय होईल का?

दोन दिवसांत होते. सुकाणू धरलेल्या माणसाला तर काहीच वेगळं वाटत नाही, बाइक चालवणाऱ्यांना गोंधळ होतो. खरी सवय करायची ती दुसऱ्याच गोष्टीची, होडी पुढून वळत नाही, मागून वळते. म्हणजे जेटीपासून निघताना नाळ बाहेर काढली की मागची बाजू जेटीवर आपटते. रिव्हर्सला पण सराव करा, कारण ब्रेक म्हणजे रिव्हर्सच, पण पुढच्या गिअरमधून थेट मागच्या गिअरला मारू नका, न्यूट्रलला एक श्वास थांबा.

आणखी एक, थ्रॉटल सोडलं की हँडलने होडी वळणं पण बंद होतं कारण वळवतो तो पंख्याचा धक्का. घाबरल्यावर माणूस पहिलं थ्रॉटल सोडतो आणि मग होडी ऐकत नाही. खडकाजवळ हे लक्षात राहायला हवं, आणि मालवणच्या आसपास खडक किती आहेत ते सांगायला नको.

७. लाल दोरी लावायचा कंटाळा येतो, लावलीच पाहिजे का?

हो. एकटे असाल तर तर नक्कीच. दोरी नसेल आणि लाटेने तोल जाऊन माणूस पडला की हँडल एका बाजूला जातं आणि होडी त्याच माणसाभोवती गोल फिरत राहते, पंखा चालू. जाळं ओढताना दोरी अडकते म्हणून काढून ठेवतात, पण जाळं ओढताना मशीन तसंही न्यूट्रलला नाहीतर बंद असायला हवं. जास्तीची एक क्लिप होडीत ठेवा, नाहीतर माणूस क्लिपसकट पाण्यात आणि वरचा मशीन सुरू करू शकत नाही.

८. मशीन एकदम किंचाळतं पण होडी पुढे जात नाही, पंखा गेला का?

बहुतेक वेळा नाही, पंखा हवा ओढतोय. मशीनच्या पायावर पंख्याच्या वर एक आडवी प्लेट असते, ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली हवी. वर असेल तर वळताना आणि लाटेवर पंखा हवा खातो. फार खाली असेल तर पाणी उडतं आणि पेट्रोल जास्त पितं. फळी १५ इंची की २० इंची आणि मशीन शॉर्ट शाफ्ट की लाँग शाफ्ट हे जुळवूनच घ्यायचं असतं, पण पाटीवर आलेल्या ऑफरमध्ये लोक उलटसुलट घेऊन येतात. तुमची प्लेट नीट आहे आणि तरी किंचाळतं तर पंख्याचा रबरी बुश सरकला असेल, किंवा लहान मशीनमध्ये शिअर पिन (पंखा कशाला आपटला की आधी तुटणारी छोटी पिन) तुटली असेल. पिनचे दोन-तीन तुकडे आणि पक्कड कायम होडीत ठेवा, किमतीला काहीच नाही पण नसली की वल्हं मारावं लागतं.

दुसरा प्रकार म्हणजे मशीन दमतं, पूर्ण थ्रॉटलला पण आरपीएम वर जात नाही. हे भरलेल्या होडीला बऱ्याचदा होतं कारण दुकानातून आलेला पंखा हलक्या होडीच्या हिशोबाचा असतो. पंख्याची पिच (एका फेरीत पंखा किती पुढे सरकतो ते माप) एक इंच कमी केली की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. मशीनच्या पुस्तकात फुल थ्रॉटलचा आरपीएमचा पट्टा दिलेला असतो, भरलेली होडी त्या पट्ट्यात बसली पाहिजे. माझं मत विचाराल तर मासेमारीच्या होडीला थोडा कमी पिचचाच पंखा चांगला, स्पीड एक-दोन किमी कमी मिळेल पण जाळं भरून येताना मशीन रडत येणार नाही.

९. वजन कुठे ठेवायचं? नाळ खूप वर जाते.

मागे माणूस, मशीन, पेट्रोलची टाकी, सगळं मागेच असतं म्हणून नाळ वर जाते. टाकी आणि आयसबॉक्स पुढे सरकवा, मशीनचा कोन एक भोक आत घ्या. पण नाळ फार खाली पण नको, लाटेत घुसते. जाळ्याचा ढीग मध्ये आणि जेवढा खाली तेवढा बरा, ओलं जाळं कोरड्यापेक्षा खूप जड होतं हे येतानाच्या हिशोबात धरा. आणि दोन माणसं जाळं ओढायला एकाच बाजूला उभी राहिली, त्यात तळात पाणी साचलेलं, की होडी त्या बाजूला आणखी झुकते, पाणी पण तिकडेच धावतं. म्हणून तळातलं पाणी डब्याने उपसण्यात आळस करायचा नाही.

फायबर होडीच्या बाकाखाली, नाळेत बंद कप्पे असतात, त्यात हवा किंवा फोम असतो, होडी भरली तरी तरंगावी म्हणून. त्यांना भोकं पाडून रॉड होल्डर नाहीतर हूक लावू नका. लावलाच तर नीट सील करा. आणि महिन्यातून एकदा कप्प्याचं बूच उघडून आत पाणी नाही ना ते बघा.

१०. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटतात, तिथून बाहेर कसं पडायचं?

नवीन होडीवाल्यांनी सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो या एका गोष्टीला. आचऱ्याची खाडी, देवबागला कर्लीचं मुख, उत्तरेला अंजर्ले, सगळीकडे तोंडाशी वाळूचा बांध असतो आणि दर पावसाळ्यानंतर तो सरकतो. मागच्या मोसमातली वाट या मोसमात असेलच असं नाही. जीपीएसमध्ये जुनी लाइन आहे म्हणून तिच्यावरून जाऊ नका, पहिल्या वेळी स्थानिक होडीच्या मागून जा.

लाट का फुटते ते समजलं की अर्धं काम झालं. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीच्या वर गेली की ती उभी राहून फुटते. म्हणजे बांधावर दीड मीटर पाणी असेल तर सव्वा मीटरची लाट फुटणारच, आणि तीच लाट बाहेर खोल पाण्यात निवांत असते. त्यात ओहोटी असली की खाडीचं पाणी बाहेर धावतं आणि येणाऱ्या लाटेला समोरून भिडतं, लाटा आखूड आणि उभ्या होतात. म्हणून वारा नसताना, बाहेर समुद्र शांत दिसताना पण ओहोटीच्या मधल्या वेळेला तोंड उकळत असतं. सगळ्यात बरी वेळ म्हणजे भरतीचा शेवटचा तास आणि पाणी थांबलेली वेळ.

बाहेर पडताना आत थांबा, नुसते बघत राहा. लाटा सारख्या नसतात, काही मोठ्या ओळीने येतात आणि मग थोडी उसंत मिळते. ती उसंत आली की निघा, आणि निघालात की मधेच विचार बदलू नका, बांधावर होडी आडवी झाली की संपलं. समोरून लाट आली तर नाळ तिच्यावर सरळ किंवा किंचित तिरकी, माथ्यावर पोचताना थ्रॉटल कमी करा म्हणजे होडी पलीकडे आपटणार नाही, मग परत द्या. निघायच्या आधी लाइफ जॅकेट घातलेली, सामान बांधलेलं, टाकीची नळी घट्ट. मशीन बंद पडलं तर सगळ्यात वाईट जागा हीच.

आत येताना जास्त अवघड, कारण लाट मागून येते. एका लाटेच्या पाठीवर बसा आणि तिच्याच वेगाने या, तिला ओलांडून पुढे उतरलात तर नाळ खाली घुसते आणि मागची बाजू फिरते, आणि मागे राहिलात तर मागून येणारी लाट फळीवरून मशीनवर येते. तोंड फार उकळतंय असं वाटलं तर बाहेर थांबा, भरतीची वाट बघा, किंवा दुसऱ्या बंदरात जा. मासळी खराब होईल, होऊ द्या.

११. मोबाईलला रेंज नसेल तर भरती-ओहोटी कशी कळणार?

कालनिर्णय घरी असेलच. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाच्या पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साधारण सहाला भरती. पौर्णिमा-अमावस्येला पंधराचे सव्वाअकरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, गावागावाला पण पडतो, तेवढा धरूनच चाला. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी आणि दुसऱ्या दिवशी तीच वेळ पन्नासेक मिनिटं पुढे. पौर्णिमा-अमावस्या आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि खाडीत ओढ जास्त असते. अष्टमी-नवमी-दशमीच्या आसपास भांग, तेव्हा ओढ कमी. नवीन होडी शिकायला भांगाचे दिवस घ्या.

१२. वारा आणि हवामान कुठे बघायचं?

भारतीय हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था) लाटांचा अंदाज, दोन्ही फुकट आहेत. इन्कॉइस मासळीचे संभाव्य पट्टे पण देतं. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर विषयच संपला. रोजचं सांगायचं तर हिवाळ्यात-उन्हाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा, समुद्र सपाट, आणि दुपारी समुद्राकडून वारा सुरू होऊन पाणी खडबडीत होतं. नवीन माणसाने पहाटे जाऊन दुपार व्हायच्या आत परत यायचं. जाताना मतलईने ढकलत नेलंय हे लक्षात राहत नाही आणि येताना सगळं अंगावर येतं.

१३. जाळं पंख्यात गेलं तर?

लगेच न्यूट्रल, मग बंद. रिव्हर्स मारून सुटेल असं वाटतं, ते आणखी आवळतं. मशीन वर उचला, पंखा हाताने उलटा फिरवत सोडवा, नाहीच सुटलं तर कापा. त्यासाठी दातेरी सुरी होडीत हाताशी बांधलेली ठेवा. सोडवताना लाल दोरी काढलेली असली पाहिजे म्हणजे चुकून पण मशीन सुरू होणार नाही. मासे पकडायची बारीक तंगूस असेल तर पंखा काढून मागचा शाफ्ट बघा, ती सीलमध्ये घुसते आणि महिन्याभराने गिअर ऑइल दुधाळ होतं (प्रश्न ३).

१४. नांगर टाकला तरी होडी सरकते.

दोर कमी सोडताय. खोलीच्या पाच-सहा पट तरी दोर हवा, वारा असेल तर आणखी, आणि नांगराला दोन मीटर साखळी. खडकाळ जागेत चार बोटांचा नांगर अडकतो, त्याच्या डोक्याला वेगळी बारीक दोरी आणि तरंगता कॅन बांधून ठेवा, उलट्या बाजूने ओढला की सुटतो. नांगर कायम नाळेला बांधायचा. गरवताना सोयीचं म्हणून मागे मशीनपाशी बांधतात, मागची फळी सगळ्यात बुटकी असते, एक लाट आली की होडी भरते.

१५. पेट्रोल किती न्यायचं?

जायला एक तिसरा भाग, यायला एक तिसरा, आणि एक तिसरा न वापरायचा. फुल थ्रॉटलला १० हॉर्सपॉवरचं मशीन ताशी ढोबळ चार-पाच लिटर पितं, ४० चं टू स्ट्रोक पंधरा-वीसच्या घरात. तुमचा खरा आकडा तुम्ही भरलेल्या होडीने मोजा, रिकाम्या होडीचा आकडा फसवतो.

१६. मशीन भर समुद्रात बंद पडलं, आता?

पहिलं काम नांगर, दोर पुरत असेल तर. होडी वाहत गेली की मग दुरुस्ती पण होत नाही. मग सोप्या गोष्टी क्रमाने बघा, लाल दोरीची क्लिप, हवेचा स्क्रू, फुगा, नळी, फिल्टर, मग प्लग. पेट्रोलचा खूप वास आला तर पेट्रोल जास्त गेलंय, चोक आत, थ्रॉटल उघडं, पाच-दहा मिनिटं थांबून खेचा. जास्तीचे प्लग आणि प्लगचा पाना सोबत पाहिजेच.

नाही झालं तर १५५४ हा कोस्ट गार्डचा नंबर आणि १०९३ सागरी पोलिसांचा. दोन्हींना मोबाईलची रेंज लागते, म्हणून लांब जाणाऱ्यांनी व्हीएचएफ रेडिओ घ्यावा, चॅनेल १६. इस्रोचं डॅट (संकटात उपग्रहामार्फत इशारा पाठवणारं यंत्र) किंवा ट्रान्सपॉन्डर मिळालं असेल तर ते घरी कपाटात नाही, होडीत ठेवा. आणि निघताना घरी कुठल्या बाजूला, किती वाजेपर्यंत ते सांगून जा. वल्ही पण न्या, आऊटबोर्ड आलं की लोक वल्ही विकून टाकतात.

१७. रोज गोड्या पाण्याने धुवायला पाणी कुठून आणू?

मशीन ड्रममध्ये उभं करून दहा मिनिटं चालवलं तरी पुरतं, तेच पाणी काही वेळा वापरता येतं, फार खारट झालं की बदला. रोज जमत नसेल तर दोन दिवसांनी, पण होडी चार दिवस उभी राहणार असेल तर आधी नक्की. पायावर जस्ताचा तुकडा बोल्ट केलेला असतो, तो मशीनच्या ऐवजी गंजायलाच लावलाय, त्याला रंग मारू नका आणि अर्धा झिजला की बदला. होडीच्या तळाला लावायचा तांब्याचा रंग मशीनच्या पायाला लावू नका, अॅल्युमिनियम खाऊन टाकतो.

१८. बंदीत मशीन दोन महिने कसं ठेवायचं? आणि आऊटबोर्डला बंदी लागते का?

आपल्याकडे बंदी कित्येक वर्षं १ जून ते ३१ जुलै अशी चालत आली आहे, तरी त्या वर्षीचा शासनाचा आदेश बघायचाच. सूट असते ती बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना, मशीन लागलं की ती सूट सांगता येत नाही, मशीन ९.९ चं असलं तरी.

ठेवताना गोड्या पाण्यात चालवा, नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू द्या, टाकी रिकामी करा, गिअर ऑइल बदला, प्लग काढून आत थोडं ऑइल टाकून दोर हळू खेचा. शक्यतो स्टँडवर उभं ठेवा. फोर स्ट्रोक आडवं ठेवायचंच असेल तर पुस्तकात दाखवलेल्या बाजूवरच, चुकीच्या बाजूवर ठेवलं की ऑइल सिलेंडरमध्ये जातं. मशीनचा नंबर लिहून फोटो काढून ठेवा, पावसात मशीनं चोरीला पण जातात.

१९. रात्री दिवे लागतात का, टॉर्च पुरत नाही?

टॉर्च दुसऱ्याला हाक मारायला, ओळखायला नाही. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, वर सगळीकडून दिसणारा पांढरा. जाळं टाकून असाल तर वर लाल आणि त्याखाली पांढरा. जयगड-रत्नागिरीच्या बाजूला मोठी जहाजं ये-जा करतात, त्यांना तुमची फायबर होडी रडारवर नीट दिसतच नाही, आणि ती पटकन थांबत पण नाहीत, बाजूला तुम्हीच व्हायचं.

२०. कागद कुठले लागतात?

होडीची नोंदणी, मत्स्यव्यवसाय खात्याचा मासेमारी परवाना (१९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली), विमा, आणि प्रत्येक खलाशाचं ओळखपत्र. नोंदणीचा नंबर होडीवर नाळेजवळ दोन्ही बाजूंना ठळक रंगवा. मशीन बदललं, मोठं लावलं तर ते कागदावर पण चढवा, नाहीतर विम्याच्या वेळी हॉर्सपॉवर जुळत नाही आणि क्लेम लटकतो.

२१. मोसमात पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेलं तर चालेल ना?

तारकर्ली-मालवणला हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मासेमारीचा परवाना प्रवासी न्यायला चालत नाही. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची वेगळी परवानगी, होडीची तपासणी, माणसांची मर्यादा, सगळ्यांना जॅकेट असं सगळं आहे. दोन्ही करायचं असेल तर आधी त्यांच्या बंदर कार्यालयात विचारा. नातेवाईक आलेत, फुकट नेतोय असं म्हणून पण सुटका नाही, अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं हेच विचारते.

२२. शिरोडा-रेडीवरून जाळं टाकता टाकता गोव्याच्या हद्दीत गेलो तर?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी त्या त्या राज्याचं, म्हणजे सव्वाबावीस किलोमीटरच्या आसपास. आपला परवाना महाराष्ट्राचा, गोव्याच्या पाण्यात तो चालत नाही आणि त्यांच्या होड्यांना आपल्याकडे चालत नाही, यावरून भांडणं होतच असतात. तेरेखोलच्या बाजूची समुद्रातली हद्द जीपीएसमध्ये टाकून घ्या आणि थोडं अलीकडेच थांबा, कारण ओढीने जाळं तुमच्यासकट सरकतं आणि तिकडचा माणूस तुमचं जाळं कुठे टाकलं होतं ते नाही, कुठे सापडलं ते बघतो. वाऱ्या-वादळात आसऱ्याला जवळच्या बंदरात शिरणं वेगळं, तेव्हा जाळी आत घेऊन, १०९३ ला नाहीतर बंदरावर कळवून शिरा.